गांज्याचं औषध: कोणाला उपयोगी, कोणाला घातक

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, परिसरात औषधांचं दुकान चालवणाऱ्याला अलीकडे एक प्रश्न नेहमी ऐकावा लागतो: "भाऊ, ते गांज्याचं तेल भेटते का तुमच्याकडे?" विचारणारे नशा करणारे नसतात. कॅन्सरच्या पेशंटचा मुलगा असतो, झटके येणाऱ्या लेकराची आई असते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कळांनी रात्र-रात्र तळमळणाऱ्या पोरीचे बाबा असतात. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवलेला असतो. त्यात एक माणूस ठासून सांगत असतो की हे झाड सगळं बरं करतं आणि औषध कंपन्यांनी ते दडवून ठेवलंय. घरातली वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात, "गांजा तो गांजाच, घरात नाव काढू नका." या दोन्हींच्या मध्ये पेशंट अडकतो. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण मात्रा म्हणजे काय, आणि एक औषध दुसऱ्याच्या कामात कसं लुडबुडतं, हे पाहणं माझं रोजचं काम आहे. तेवढ्या बळावर हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. "गांजा औषध आहे का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. त्यातलं एखादं रसायन, मोजून-मापून दिलं तर, एखाद्या ठरावीक आजारावर औषध ठरू शकतं. तेच रसायन दुसऱ्या माणसाचं डोकं फिरवू शकतं. म्हणून विचारायचं ते असं: कोणतं रसायन, किती, कशासाठी आणि कोणाला?

एका झाडातली दोन रसायनं

भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही एकाच झाडाचे. भांग म्हणजे पानं, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे, चरस म्हणजे त्या फुलोऱ्यांवरची चिकट राळ. या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड रसायनं सापडली आहेत. आपण दोन लक्षात ठेवू: टीएचसी आणि सीबीडी. टीएचसीने नशा चढते, भूक खवळते, मळमळ दबते, नाडी वाढते, वेळेचं भान सुटतं. सीबीडीने नशा चढत नाही, पण मेंदूतल्या पेशींच्या बेताल विद्युत लहरींवर त्याचा परिणाम होतो. टीएचसी मुख्यतः फुलोऱ्यांवरच्या बारीक ग्रंथींत असतं. बियांत ते जवळजवळ नसतंच. म्हणूनच उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी घरोघरी खातात आणि कुणाला नशा होत नाही.

अफूतून मॉर्फिन वेगळं करण्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झालं होतं. गांज्यातलं टीएचसी शुद्ध रूपात हाती यायला १९६४ साल उजाडलं. यातली रसायनं तेलकट आणि एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे ती सुटी करणं जिकिरीचं होतं. इस्रायलमधल्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते साधलं. प्रयोगासाठी चरस लागणार होता. मेशुलाम यांनी तो थेट पोलिसांकडून मागून आणला, जप्त केलेला, पाच किलो, आणि बसमधून सोबत घेऊन आले. दीडशे वर्षांच्या या उशिराचा परिणाम आजही दिसतो. मॉर्फिनची मात्रा डॉक्टर मिलिग्रॅममध्ये लिहून देतात आणि गांज्याबद्दल लोक अजून "दोन थेंब", "एक गोळी", "अर्धा ग्लास" असंच बोलतात.

ही रसायनं शरीरात गेल्यावर करतात काय? १९८८ ते १९९० च्या दरम्यान कळलं की मेंदूतल्या पेशींवर टीएचसीला धरून ठेवणारी एक खास जागा असते. तिला सीबी-१ म्हणतात. १९९३ मध्ये अशीच दुसरी जागा मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर सापडली, ती सीबी-२. शरीराने या जागा गांज्यासाठी ठेवलेल्या नाहीत. आपलं शरीर स्वतःच आनंदामाइडसारखी रसायनं बनवतं, आणि पंख्याच्या रेग्युलेटरने वेग कमी-जास्त करावा तशी ती पेशींमधली निरोपांची देवाणघेवाण कमी-जास्त करतात. वेदना, भूक, मळमळ, झोप, आठवण, भीती या सगळ्यांत त्यांचा हात असतो. टीएचसी बाहेरून येऊन त्याच जागा बळकावतं आणि बराच वेळ सोडत नाही. एकाच पदार्थाने मळमळही थांबते आणि आठवणही गडबडते, ती यामुळे. औषधी गुण आणि दुष्परिणाम एकाच कृतीतून येतात, त्यांना चाळून वेगळं करणं अवघड असतं.

श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात सीबी-१ फार थोडे असतात. म्हणून हेरॉइनने जसा मोठ्या माणसाचा श्वास बंद पडून मृत्यू होतो तसा गांज्याने सहसा होत नाही. "गांज्याने कोणी मरत नाही" हे वाक्य इथूनच निघालं. पण लहान मुलाने भांगेचा पेढा किंवा गोळी खाल्ली तर ते मूल बेशुद्ध पडू शकतं, त्याचा श्वास मंदावू शकतो. आणि न मरणं म्हणजे सुखरूप असणं नव्हे.

झटके: सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे

विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवायचा. (भारतातल्या तारयंत्रणेचा पायाही पुढे यानेच घातला.) इथले वैद्य आणि हकीम भांग-गांजा औषधात वापरतात हे पाहून त्याने आधी प्राण्यांवर आणि मग पेशंटवर प्रयोग केले. धनुर्वात, कॉलरा, संधिवात अशा आजारांवरचे अनुभव त्याने १८३९ मध्ये मांडले. आकडी येणाऱ्या एका तान्ह्या मुलीला गांज्याच्या अर्काचे थेंब दिल्याचंही त्याने नोंदवलं आहे, आणि अती मात्रेने माणूस भ्रमात जातो हेही लिहून ठेवलं. त्यानंतर जवळपास दीड शतक झटक्यांचा धागा कुणी नेटाने धरला नाही. १९८० मध्ये ब्राझीलमधल्या एका छोट्या प्रयोगात शुद्ध सीबीडी घेणाऱ्या आठ पेशंटपैकी चार जणांचे झटके जवळजवळ थांबले. तरीही पुढची तीसेक वर्षं फारसं काही हललं नाही.

मग २०१७ मध्ये ड्रावे सिंड्रोम या दुर्मीळ आणि भयंकर अपस्माराच्या, म्हणजे झटक्यांच्या आजाराच्या, १२० मुला-तरुणांवर नीट चाचणी झाली. अर्ध्यांना सीबीडी, अर्ध्यांना नुसतं चवीचं द्रव, आणि कोणाला काय मिळतंय हे आईबापांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सीबीडीच्या गटात महिन्याचे झटके साधारण १२ वरून ६ वर आले. दुसऱ्या गटात ते १५ वरून १४ वर आले, म्हणजे जवळपास जैसे थे. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडायोलेक्स या नावाच्या सीबीडीच्या द्रवाला ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या दोन प्रकारच्या अपस्मारांसाठी मंजुरी दिली. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारातल्या झटक्यांचाही त्यात समावेश झाला. म्हणजे गांज्याच्या झाडातून औषध निघतं, हे निर्विवाद खरं आहे.

आता इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण व्हिडिओवाले हा हिशेब सांगत नाहीत. त्या आजारांत सीबीडीची रोजची मात्रा साधारणपणे दर किलो वजनाला १० ते २० मिलिग्रॅम असते. मूल २० किलोचं असेल तर रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम. एक ताई माझ्याकडे ऑनलाइन मागवलेली बाटली घेऊन आल्या होत्या. तपकिरी काच, ड्रॉपर, ३० मिलिलीटर तेल, लेबलवर "१००० मिलिग्रॅम". त्यांना कुणीतरी सकाळ-संध्याकाळ तीन-तीन थेंब द्यायला सांगितलं होतं. मिलिलीटरचे वीस थेंब धरले तर सहा थेंबांत होतात १० मिलिग्रॅम. चाचण्यांतल्या मात्रेचा विसावा भाग सुद्धा काठावरच. पुरी मात्रा द्यायची म्हटली तर ती महागडी बाटली अडीच ते पाच दिवसांत संपणार. आणि खरी काळजी पुढे आहे: त्या लेबलवर १००० मिलिग्रॅम कशाचे, हे लिहिलंच नव्हतं. "विजया अर्क" एवढंच. (विजया हे भांगेचं आयुर्वेदातलं नाव.) त्यात सीबीडी किती, टीएचसी किती? टीएचसी भरपूर असेल तर पुरी मात्रा म्हणजे त्या चार-पाच वर्षांच्या पोराला रोज नशेत ठेवणं.

हा फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवर लिहिल्याइतकंच सीबीडी फक्त २६ उत्पादनांत निघालं, आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं.

अजून एक गोष्ट. झटक्यांच्या बहुतेक मुलांना आधीपासून क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असतं. मी ही औषधं रोज देतो. सीबीडीमुळे क्लोबाझामपासून शरीरात तयार होणाऱ्या रसायनाचं प्रमाण वाढतं आणि मूल दिवसभर झोपाळतं. व्हॅल्प्रोएटसोबत सीबीडी दिलं तर यकृतावर ताण येण्याची शक्यता वाढते, म्हणून रक्ताची तपासणी करत राहावी लागते. तेव्हा तेल द्यायचंच असेल तर न्यूरोलॉजिस्टपासून लपवून देऊ नका. आणि चालू गोळ्या परस्पर बंद करू नका. झटक्याची गोळी अचानक तोडल्यावर झटका एकामागून एक येत राहून थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते, आणि तीत जीव जाऊ शकतो.

दुखणं, आणि आपला सिकलसेल

वेदनेबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या २०१७ च्या अहवालाने मोठ्या माणसांच्या जुनाट दुखण्यावर गांज्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा असल्याचं म्हटलं. वेदनेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये नेमकं उलट सांगितलं: पुरावा पुरेसा दर्जेदार नाही, सरसकट वापराला आमचा पाठिंबा नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१९ मध्ये जुनाट दुखण्यासाठी गांज्याची औषधं देऊ नयेत असाच सल्ला दिला. दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर जवळपास तेच अभ्यास होते. फरक पडला तो पुराव्याची पातळी कुठे धरायची यात. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण फायदा दिसतो तिथेही तो सहसा छोटा असतो, आणि भोवळ, झोपाळूपणा, गोंधळलेपण हे त्रास वारंवार दिसतात.

विदर्भातल्या माणसाला यात एक गोष्ट थेट लागू पडते, ती सिकलसेलची. आपल्याकडे अनेक घरांत हा आजार आहे. कळ आली की अंगातलं एकेक हाड फोडल्यासारखं वाटतं, असं पेशंट सांगतात. त्यात "गांज्याने सिकलसेलची कळ थांबते" असं ऐकलं की माणूस धावणारच. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला हे तपासून पाहिलं गेलं. सिकलसेलच्या २३ पेशंटना रुग्णालयात ठेवून काही दिवस गांज्याची वाफ आणि काही दिवस त्यातली रसायनं काढून टाकलेली वाफ दिली. २०२० मध्ये निकाल आला. वेदना कमी झाली असं ठामपणे म्हणण्याइतका फरक दिसला नाही. मनःस्थिती थोडी सुधारल्याचं दिसलं. अभ्यास छोटा होता, म्हणून यावरून शेवटचा निर्णय देता येणार नाही. पण हायड्रॉक्सियुरिया या स्वस्त गोळीने कळा कमी होतात, हे मात्र कितीतरी मोठ्या अभ्यासांनी दाखवलं आहे. माझ्या काउंटरवर असे पेशंट येतात ज्यांनी ही गोळी "कॅन्सरवाली आहे" म्हणून भीतीने सोडलेली असते आणि गांज्याच्या तेलासाठी हजारो रुपये काढून ठेवलेले असतात. हे पाहून जीव तुटतो.

कॅन्सर: सगळ्यात मोठी फसवणूक

केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर टीएचसीचा उपयोग होतो, हे खरं आहे. प्रयोगशाळेत बनवलेलं टीएचसी, ड्रोनाबिनॉल, अमेरिकेत १९८५ पासून त्यासाठी मंजूर आहे. १९९२ मध्ये एड्सच्या पेशंटची भूक मेल्यावरही ते द्यायला परवानगी मिळाली. पण १९८५ नंतर उलट्यांची औषधं फार पुढे गेली. ओंडॅन्सेट्रॉन, अॅप्रेपिटंट, आणि ओलांझापिनची छोटी गोळी यांनी बहुतेकांचं काम भागतं, आणि यांतली बरीचशी जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. उलट्या थांबत नसतील तर आधी ऑन्कॉलॉजिस्टना नीट सांगा, केमोआधीच्या गोळ्या वेळेवर घेतल्या का ते पाहा. गांज्याचा विचार या सगळ्यानंतरचा.

"गांज्याच्या तेलाने गाठ विरघळते" हे मात्र माणसांमध्ये सिद्ध झालेलं नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी कॅनाबिनॉइडने मरतात, हे खरं. पण बशीतल्या पेशी मारणारे पदार्थ ढिगाने आहेत, आणि त्यांतले फार थोडे माणसाच्या शरीरात औषध म्हणून टिकतात. नागपुरात विदर्भातूनच नाही, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडातूनही कॅन्सरचे पेशंट येतात. खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे, तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे भरपूर आहे, आणि तो लवकर पकडला तर ऑपरेशनने बरा होण्याची चांगली शक्यता असते. त्याच सुरुवातीच्या महिन्यांत "आधी हे तेल घेऊन पाहू" म्हणणं म्हणजे हातातली वेळ घालवणं. तेल विकणारा ती वेळ परत देत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात अंग ताठरतं त्यावर टीएचसी आणि सीबीडी मिसळलेला तोंडात मारायचा स्प्रे ब्रिटनमध्ये २०१० पासून वापरात आहे, काहींना त्याने आराम पडतो. काचबिंदूत डोळ्याचा दाब टीएचसीने उतरतो, पण तीन-चार तासांपुरताच. म्हणजे चोवीस तास नशेत राहावं लागेल, त्यापेक्षा डोळ्यात टाकायचे थेंब कितीतरी बरे.

आयुर्वेदात तर आहेच ना?

आहे. शार्ङ्गधर संहितेत भांगेचा उल्लेख आहे, जातीफलादि चूर्णात ती पडते, आणि वैद्य ती शोधन करूनच वापरतात: धुऊन, दुधात शिजवून किंवा तुपात परतून. आपल्या औषध नियमांत विजया अनुसूची ई-१ मध्ये आहे, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत. बाटलीवर तशी सूचना छापणं बंधनकारक आहे. परंपरेने या वनस्पतीला कायम धाक बाळगून हाताळलं. "ग्रंथात आहे, म्हणजे निर्धोक" असा अर्थ त्या ग्रंथांतूनच निघत नाही.

धोका कुठे आहे

महाशिवरात्रीला आणि होळीला भांगेची थंडाई पिण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. दर वर्षी तेच होतं. एकजण ग्लासभर पितो, अर्धा तास वाट पाहतो, काहीच होत नाही म्हणून दुसरा ग्लास घेतो. ओढलेल्या गांज्याचं टीएचसी मिनिटांत मेंदूत पोहोचतं. प्यायलेल्या भांगेचं पोटातून यकृतात जातं, तिथे त्याचं आणखी तीव्र रसायन बनतं, आणि चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात. दुसरा ग्लास घेतो तेव्हा पहिला अजून चढायचाच असतो. मग छाती धडधडते, "मी मरतोय" अशी भीती बसते, माणूस एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो, उठायला जातो आणि कोसळतो. वर दारू असेल तर आणखी वाईट. अशा वेळी माणसाला शांत जागी कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. तो हलवूनही उठत नसेल, छातीत दुखत असेल, झटका आला असेल किंवा खाणारं लहान मूल असेल तर थेट कॅज्युअल्टी गाठा. आणि डॉक्टरांना खरं सांगा. लाजेपोटी "काही खाल्लं नाही" म्हटलं की डॉक्टर मेंदूज्वर शोधत बसतात आणि मुलाच्या पाठीत सुई घालण्यापर्यंत वेळ येते.

पण एका दिवसाच्या फजितीपेक्षा मला पंधरा ते वीस वर्षांच्या पोरांची काळजी जास्त वाटते. मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि त्या जडणघडणीत सीबी-१ चा वाटा असतो. नेमक्या त्याच वयात रोज गांजा ओढणं म्हणजे चालू बांधकामात हात घालणं. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पाठपुरावा झाला होता. १९८७ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघालं. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या शहरांचा अभ्यास आला: टीएचसीचं प्रमाण जास्त असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराची, शक्यता जवळपास पाचपट. कोणी म्हणेल, आधीच मन बिघडलेली मुलंच गांज्याकडे वळत असतील. काही अंशी तसं असतंही. पण डोस जितका जास्त तितका धोका जास्त, हे गणित पुन्हा पुन्हा दिसतं, आणि घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल त्या मुलाने याला हातच लावू नये, यावर मानसोपचारतज्ज्ञांत दुमत नाही.

शिवाय आजचा गांजा पूर्वीसारखा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात १९९५ मध्ये टीएचसी सरासरी ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२ टक्के. "आमच्या काळी बुवा-बैरागी ओढायचे, त्यांना काय झालं?" हा प्रश्न घरातले आजोबा विचारतात, त्याचं एक उत्तर या आकड्यांत आहे.

सवय लागत नाही हाही गैरसमजच. एकदा तरी गांजा घेतलेल्यांपैकी साधारण ९ टक्के त्यात अडकतात. सुरुवात किशोरवयात झाली असेल तर दर सहांत एक. २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख आहेत, आणि त्यांतल्या जवळपास ७२ लाखांना मदतीची गरज आहे.

एक विचित्र आजार मुद्दाम सांगतो, कारण तो ओळखायला वर्षं जातात. बरीच वर्षं रोज ओढणाऱ्या काहींना मधूनच उलट्यांचे भयंकर दौरे येतात. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. फक्त गरम पाण्याखाली उभं राहिलं की बरं वाटतं. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, पोरगं दिवसातून चारदा कढत पाण्याने आंघोळ करत असेल आणि उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांना गांज्याबद्दल विचारायला सांगा. त्यावर खरा इलाज एकच, गांजा पूर्ण बंद करणं.

बाकी धोके थोडक्यात. नाडी वाढते, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी दूर राहावं. गरोदरपणी घेतला तर बाळाचं वजन कमी भरण्याची शक्यता वाढते, आणि सकाळच्या मळमळीवर "नैसर्गिक उपाय" म्हणून कुणी सुचवला तरी घेऊ नये. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन आणि किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस, या दोन्हींचं रक्तातलं प्रमाण सीबीडीमुळे वर जाऊ शकतं. टीएचसी चरबीत साठून राहतं, त्यामुळे रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते शेवटच्या झुरक्यानंतर काही आठवडेही सापडू शकतं. ड्रायव्हरच्या किंवा सैन्याच्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं.

कायद्याचं काय

अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे फुलोरे, आणि चरस, हे दोन्ही येतात. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत, म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत जाते. महाराष्ट्रात भांगही परवान्याशिवाय बाळगता किंवा विकता येत नाही. एक किलोपर्यंत गांजा ही अल्प मात्रा मानली जाते, तरी तिच्यासाठीही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वीस किलोच्या वर गेलं की किमान दहा वर्षं. आपलं स्टेशन देशाच्या मधोमध, त्यामुळे पूर्वेकडून येणाऱ्या गाड्यांतून गांजा पकडल्याच्या बातम्या पेपरात वारंवार असतात. त्यात थोड्या पैशांसाठी बॅग पोहोचवणारी कॉलेजची पोरं सापडतात, हे वाचताना वाईट वाटतं.

२ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांज्याला सर्वांत कडक यादीतून काढलं, भारतानेही बाजूने मत दिलं. त्यावरून "गांजा आता कायदेशीर" असे मेसेज फिरले. ते खोटं. संशोधन आणि औषधासाठीची वाट थोडी मोकळी झाली, इतकंच. तो आजही नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे.

आणि घरात कुणी आधीच अडकलं असेल तर

मारहाण करून, खोलीत कोंडून हे सुटत नाही. गांजा सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, झोप न लागणं, जेवण न जाणं, घाम, विचित्र स्वप्नं असं होतं. बंद केल्यावर एक-दोन दिवसांत सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोर धरतं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. झोपेसाठी घरच्या घरी कुणाची तरी गोळी देऊ नका. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पहिल्यांदा जायला संकोच वाटत असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी नंबर मोफत आहेत. पोलिसांची भीती हे लपवण्याचं मोठं कारण असतं. तेव्हा हेही माहीत असू द्या: स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या प्रकरणात सापडलेली व्यसनाधीन व्यक्ती सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचाराला गेली, तर एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. ते टिकण्यासाठी उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. ओपीडीला जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, आणि ती तेलाची बाटली घरात असेल तर तीही.